‘जादूगाराचा भाचा’ आधी वाचावा की शेवटी?

एखादी कथामालिका लोकप्रिय झाली की लेखक मागे वळतो आणि ‘त्याच्याही आधी काय घडले’ ते सांगू लागतो. अशा पूर्वकथेचे वाचक स्वागत करतात, तसेच तिच्यावर रुसतातही. नार्नियाच्या पूर्वकथेवरून कित्येक दशके चाललेल्या एका प्रेमळ भांडणाची ही हकीकत.

१९५७ सालची गोष्ट. अमेरिकेतील एका घरात आई आणि मुलगा यांचे एका गोष्टीवरून जमेना. सी. एस. लुईस या ब्रिटिश लेखकाने नार्निया नावाच्या अद्भुत देशावर मुलांसाठी सात पुस्तके लिहिली होती. आईचे म्हणणे असे की, पुस्तके ज्या क्रमाने छापली गेली त्याच क्रमाने वाचावीत. लेखकाने काहीतरी विचार करूनच तो क्रम ठेवला असेल. मुलाचे म्हणणे, नार्नियात जे आधी घडले ते आधी वाचायचे. म्हणजे सहावे छापलेले पुस्तक पहिले. वाद मिटेना, तेव्हा मुलाने थेट लेखकालाच पत्र टाकले.

लुईस त्या वेळी केंब्रिज विद्यापीठात प्राध्यापक होते. मुलांच्या पत्रांना नेमाने उत्तर पाठवण्याचा त्यांचा रिवाज होता. २३ एप्रिल १९५७ रोजी त्यांनी या मुलालाही उत्तर लिहिले. तुझ्या आईच्या क्रमापेक्षा तुझाच क्रम मला अधिक पटतो, असा त्याचा आशय होता. पण पुढे त्यांनी हेही कळवले की, ही मालिका आपण आधी आखून लिहिलेली नाही. पहिले पुस्तक लिहिताना दुसरे लिहू असे वाटले नव्हते. तिसरे लिहिल्यावर हेच शेवटचे असे वाटले, तेही खोटे ठरले. तेव्हा कोण कोणत्या क्रमाने वाचतो याला फारसे महत्त्व नसावे.

पत्राचा पहिला भाग मुलाने जपून ठेवला असेल आणि दुसरा आईने! पण या छोट्याशा पत्राचा परिणाम मोठा झाला. १९९४ मध्ये हार्परकॉलिन्स या प्रकाशन संस्थेने सातही पुस्तकांवर नवे क्रमांक टाकले, तेव्हा मुलाची बाजू जिंकली. १९५५ मध्ये सहावे म्हणून आलेले ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’, म्हणजे ‘जादूगाराचा भाचा’, एक नंबरवर गेले. १९५० मध्ये आलेले मूळ पहिले पुस्तक ‘सिंह, चेटकीण आणि कपाट’ दुसरे झाले. तेव्हापासून वाचकांचे दोन तट पडले आहेत आणि ते आजही कायम आहेत.

दिव्याचा खांब जंगलात कसा आला?

ज्यांनी ही पुस्तके वाचलेली नाहीत त्यांच्यासाठी थोडी माहिती देणे आवश्यक आहे. ‘सिंह, चेटकीण आणि कपाट’ या कथेत महायुद्धाच्या काळात लंडनहून खेडेगावी पाठवलेली चार भावंडे एका वृद्ध प्राध्यापकांच्या वाड्यात राहायला येतात. सर्वांत धाकटी ल्यूसी वाड्यातल्या खोल्या पाहत फिरताना एका कपाटात शिरते. कोटांच्या रांगेमागे हाताला बर्फ लागतो आणि समोर घनदाट जंगलात एक दिव्याचा खांब जळत असतो. रस्ता नाही, वस्ती नाही, पण शहरी रस्त्यावरचा खांब मात्र आहे. हा देश म्हणजे नार्निया. तेथे एका गोऱ्या चेटकिणीने कायमचा हिवाळा आणलेला आहे आणि असलान नावाचा महान सिंह परत येण्याची सारे वाट पाहत आहेत.

हा खांब तेथे आला कसा? लुईस यांचे मित्र रॉजर लॅन्सलिन ग्रीन यांनी हाच प्रश्न त्यांना विचारला होता म्हणतात. लुईस यांनी लगेच पूर्वकथा लिहायला घेतली, पण ती अडली. तिचा बराच मोठा भाग ग्रीन यांना रुचला नाही, म्हणून बाड बाजूला पडले. मधल्या काळात मालिकेचा शेवट असलेली ‘द लास्ट बॅटल’सुद्धा लिहून झाली. पूर्वकथा मात्र १९५४ मध्ये कुठे हातावेगळी झाली. म्हणजे जी कथा सर्वांच्या आधीची, ती लेखकाने सर्वांत शेवटी संपवली.

१९०० सालच्या आसपासच्या लंडनमध्ये डिगोरी नावाचा मुलगा आपल्या आजारी आईबरोबर मामा आणि मावशीच्या घरी राहायला आलेला असतो. (इंग्रजी ‘नेफ्यू’ शब्दावरून पुतण्या की भाचा हे कळत नाही. मराठीत मात्र सांगावेच लागते आणि तो भाचाच आहे. अँड्र्यू हा आईचा भाऊ.) डिगोरीचे वडील कुठे असतात ठाऊक आहे? आपल्याकडे, हिंदुस्थानात नोकरीला! त्यामुळे आईची शुश्रूषा माहेरच्या माणसांवर आली आहे. अँड्र्यू मामा हा भित्रा, स्वार्थी, थोडा हास्यास्पद असा हौशी जादूगार. स्वतः धोका पत्करायची त्याची तयारी नाही, म्हणून तो शेजारच्या पॉलीला पिवळी अंगठी देऊन दुसऱ्या जगात पाठवून देतो. तिला परत आणायला डिगोरीला जावेच लागते.

पुढे मुले चार्न नावाच्या मृत नगरीत पोहोचतात. पॉली अडवत असताना डिगोरी कुतूहलापोटी एक घंटा वाजवतो आणि जेडिस ही दुष्ट राणी जागी होते. तीच पुढे नार्नियाची चेटकीण होणार असते. ती मुलांमागोमाग लंडनला येऊन धुमाकूळ घालते, रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबाचा लोखंडी दांडा उपटते. एका झटापटीत मुले, मामा, राणी, एक घोडागाडीवाला आणि त्याचा घोडा असे सारेच एका काळ्याकुट्ट, रिकाम्या जगात जाऊन पडतात. तेथे असलान गात असतो आणि त्याच्या गाण्यातून तारे, डोंगर, गवत, पशू असे एकेक निर्माण होत असते. राणी तो दांडा त्याच्यावर फेकून मारते. त्या ताज्या जमिनीत सारेच उगवते, मग दांडा तरी का उगवू नये? त्याचाच दिव्याचा खांब होतो.

इतके सुरेख उत्तर मिळाल्यावर कोण तक्रार करील? पण तक्रार झालीच.

रहस्य राहू द्या की!

जुन्या क्रमाच्या बाजूने असलेल्यांचे म्हणणे साधे आहे. जंगलातला खांब पाहून ल्यूसी चकित होते तेव्हा वाचकानेही तिच्याबरोबर चकित व्हायला हवे. ‘भाचा’ आधी वाचला तर खांब पाहून वाचक म्हणेल, ‘अरे हो, हा तो दांडा.’ प्रश्न पडण्याआधीच उत्तर हाती आले तर त्या उत्तराची गोडी काय? पीटर शॅकल हे अमेरिकेतील साहित्याचे प्राध्यापक याच मताचे. या पक्षाचा एक मुद्दा तर बिनतोड आहे. पहिल्या पुस्तकात असलानचे नाव प्रथम निघते तेव्हा निवेदक सांगतो की हा कोण ते मुलांना माहीत नव्हते आणि वाचकालाही नाही. ‘भाचा’ वाचून आलेल्याला तो पुरता माहीत असतो! उलट ‘भाच्या’च्या पहिल्याच परिच्छेदात लेखक सांगतो की आपले जग आणि नार्निया यांच्यातली ये-जा कशी सुरू झाली ते या कथेत कळेल. म्हणजे नार्निया ऐकून माहीत आहे असे तो धरूनच चालला आहे.

दुसरा पक्ष म्हणतो, लेखकाचेच मत आपल्या बाजूला आहे, आणखी काय हवे? लुईस यांच्या साहित्याचे काम पाहणारे वॉल्टर हूपर आणि लुईस यांचे सावत्र पुत्र डग्लस ग्रेशम या दोघांनीही लेखकाला हाच क्रम पसंत होता असे सांगितले आहे. शिवाय लहान मुलाला ‘आधी काय, मग काय’ असेच ऐकायला आवडते. जगाची निर्मिती पहिल्या पुस्तकात आणि अखेर शेवटच्या पुस्तकात, ही रचना त्याला सरळ वाटते.

तसे पाहिले तर आपल्या कानांना दोन्ही रीती ओळखीच्या आहेत. राम राज्यावर बसून झाल्यावर उत्तरकांडात अगस्ती ऋषी रावणाचे मूळ आणि त्याचे पराक्रम सांगतात. महाभारत तर पांडवांच्या पणतवासमोर, जनमेजयाच्या सर्पसत्रात उलगडते. शेवट आधी आणि उगम नंतर सांगितल्याने आपल्याकडच्या श्रोत्यांचे काही अडल्याचे ऐकिवात नाही.

क्रमाचा वाद सोडला तरी बारीक नजरेच्या वाचकांनी पूर्वकथेतल्या विसंगती हुडकून काढल्याच. पहिल्या पुस्तकात बीव्हर नावाचा बोलका प्राणी सांगतो की माणसाची जात नार्नियात पूर्वी कधी आलीच नाही. पूर्वकथेत तर नार्नियाचे पहिले राजाराणी म्हणजे लंडनचा घोडागाडीवाला फ्रँक आणि त्याची बायको हेलन! तोच बीव्हर चेटकिणीचे कूळ आदमच्या पहिल्या बायकोपर्यंत नेऊन पोहोचवतो, तर पूर्वकथेत ती दुसऱ्याच जगातून आलेली. मागून लिहिलेल्या कथेचे हे असे होते. पुढचे टाके आधीच पडलेले असतात. पफिन पुस्तकांच्या संपादिका के वेब यांनी नंतर सांगितले की, निधनाच्या थोडेच आधी लुईस यांनी न जुळणाऱ्या गोष्टी पुन्हा तपासून जुळवण्याचे मान्य केले होते. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी लुईस गेले आणि ते काम राहून गेले.

काही वाचकांचा राग निराळा आहे. बाग, फळ, मोह घालणारी स्त्री हे सारे बायबलच्या वळणाचे आहे आणि गोष्टीच्या आडून मुलांना धर्म पाजला जातो, असे त्यांना वाटते. फिलिप पुलमन या ब्रिटिश लेखकाने १९९८ मध्ये वृत्तपत्रात लेख लिहून नार्नियावर सडकून टीका केली. गंमत म्हणजे पुढे २०१७ मध्ये पुलमन यांनीही आपल्या मालिकेची पूर्वकथा लिहिली! लुईस यांची श्रद्धा त्यांच्या पुस्तकांत उतरली आहे हे खरेच, ती त्यांनी लपवलेलीही नाही. पण ‘भाचा’ वाचून हळवे होणाऱ्या सर्वांनाच त्या श्रद्धेत वाटा असतो असे नाही. त्यांना धरून ठेवते ती गोष्ट वेगळीच आहे.

आईच्या उशाशी एक सफरचंद

ती गोष्ट म्हणजे डिगोरीची आई. खांब, कपाट, चेटकीण यांची उत्तरे देता देता ही कादंबरी मुळात एका प्रश्नाभोवती फिरते: आई वाचेल का?

दुष्ट राणीला नव्या जगात आणण्याचा दोष डिगोरीचा. म्हणून असलान त्याला दूरच्या बागेतून एक सफरचंद आणायला पाठवतो. डिगोरीचे लक्ष मात्र आईकडे असते. तिच्यासाठी काही देशील का, असे तो न राहवून विचारतो आणि वर पाहतो तर त्या प्रचंड सिंहाच्या डोळ्यांत पाणी! आपल्या आईचे दुःख आपल्यापेक्षा यालाच जास्त आहे की काय, असे मुलाला वाटून जाते. अद्भुत कथांच्या हजारो पानांत इतके साधे आणि इतके मोठे क्षण थोडेच सापडतील.

बागेत राणी त्याला गाठते आणि म्हणते, हे फळ घेऊन थेट आईकडे जा, ती बरी होईल, कोणाला कळणारही नाही. डिगोरीची पुरती कोंडी होते. वचन मोडावे तर आई वाचते, पाळावे तर कदाचित मरते. राणी एक चूक करते. पॉलीला येथेच सोडून जा, असे ती सुचवते आणि मुलगा भानावर येतो. तो फळ असलानला नेऊन देतो. नंतर त्याला कळते की चोरलेल्या फळानेही आई बरी झाली असती, पण तिला किंवा त्याला त्याचे सुख लाभले नसते. मग असलान स्वतः एक फळ देतो. आई ते खाते, शांत झोपते आणि हळूहळू बरी होते. फळाचा गाभा परसात पुरला जातो, त्याचे झाड होते, पुढे ते वादळात पडते आणि त्याच्या लाकडाचे कपाट तयार होते. तेच ते ल्यूसीचे कपाट! आणि मुलांवर विश्वास ठेवणारे ते वृद्ध प्राध्यापक म्हणजे मोठा झालेला डिगोरी. ल्यूसीवर कोणी विश्वास ठेवत नसताना प्राध्यापक का ठेवतात, याचा उलगडा येथे होतो. पूर्वकथा शेवटी वाचण्याचा सर्वांत मोठा लाभ हाच.

लुईस यांची स्वतःची आई मात्र वाचली नव्हती. फ्लोरा लुईस या बेलफास्टच्या, गणित शिकलेल्या. मुलाला फ्रेंच आणि लॅटिनचे पहिले धडे त्यांनीच दिले. १९०८ मध्ये त्यांना कर्करोग झाला. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे शस्त्रक्रिया घरीच झाली. २३ ऑगस्ट १९०८ रोजी, पतीच्या वाढदिवशीच, त्या गेल्या. धाकटा मुलगा नऊ वर्षांचा होता. काही आठवड्यांतच त्याला समुद्रापलीकडे इंग्लंडच्या वसतिशाळेत धाडण्यात आले. ‘जादूगाराचा भाचा’ प्रसिद्ध झाला त्याच १९५५ साली लुईस यांचे आत्मकथनही आले. त्यात त्यांनी लिहिले आहे की, आई बरी व्हावी म्हणून आपण प्रार्थना केली, पण देवाकडे आपण गेलो ते एखाद्या जादूगाराकडे जावे तसे. हे वाचल्यावर कादंबरीच्या नावाकडे पुन्हा एकदा पाहावेसे वाटते.

जे स्वतःच्या घरात घडले नाही ते लेखकाने कथेत घडवून आणले, असे म्हणून काही वाचक डोळे पुसतात. काहींना नेमके हेच खटकते. ज्या मुलाची आई खरोखर अंथरुणाला खिळली आहे त्याला जादूच्या फळाची गोष्ट सांगावी का? ही शंका झटकून टाकण्यासारखी नाही. पण हेही पाहावे की कादंबरीत फळ हट्टाने मिळत नाही आणि चांगल्या वागणुकीचे बक्षीस म्हणून कबूलही केलेले नसते. परत जाताना डिगोरीने आशा जवळजवळ सोडलेली असते. नऊ वर्षांच्या मुलाचे ते हतबलपण लुईस यांनी पुसून टाकलेले नाही, सगळेच्या सगळे पानांवर ठेवले आहे.

आणि आता ती पत्राची तारीख पुन्हा पाहा. २३ एप्रिल १९५७. लुईस यांच्या पत्नी जॉय यांना आदल्या वर्षी, म्हणजे कादंबरी प्रसिद्ध झाल्यानंतर, हाडांचा कर्करोग असल्याचे निष्पन्न झाले होते. मार्च १९५७ मध्ये रुग्णालयातच, त्यांच्या खाटेपाशी, धार्मिक विधीने विवाह झाला आणि एप्रिलमध्ये त्यांना शेवटच्या दिवसांसाठी म्हणून घरी आणले गेले. घरात त्यांचे तेरा आणि अकरा वर्षांचे दोन मुलगे होते. अशा दिवसांत लुईस एका अनोळखी मुलाला पुस्तकांचा क्रम समजावत बसले होते. जॉय यांना अनपेक्षितपणे उतार पडला, त्या चालूफिरू लागल्या. पण तीन वर्षांनी, जुलै १९६० मध्ये, त्या गेल्याच. पूर्वकथा आधी वाचावी असे आज सांगणारे डग्लस ग्रेशम म्हणजे त्या दोघांतला धाकटा मुलगा.

इतरांच्या पूर्वकथा

पूर्वकथेवर वाचकांनी रुसण्याचा हा एकच प्रसंग नव्हे. टोल्किन यांच्या निधनानंतर १९७७ मध्ये आलेले ‘द सिल्मारिलियन’ वाचून ‘हॉबिट’सारख्या गोष्टीची अपेक्षा ठेवणारे अनेक जण गोंधळले; हाती आला तो पुराणाच्या वळणाचा ग्रंथ. रॉबर्ट जॉर्डन यांनी २००४ मध्ये मूळ मालिका अपुरी असतानाच पूर्वकथा छापली, तेव्हा आधी मुख्य गोष्ट संपवा असा वाचकांचा सूर निघाला. जॉर्डन २००७ मध्ये वारले आणि मुख्य गोष्ट दुसऱ्या लेखकाला पुरी करावी लागली. सुझान कॉलिन्स यांनी तर २०२० मध्ये ‘हंगर गेम्स’च्या खलनायकालाच पूर्वकथेचा नायक केले, त्याच्याविषयी सहानुभूती कशाला, असा प्रश्न पुस्तक हाती पडण्याआधीच उठला. लुईस यांच्या पूर्वकथेला हा रोष फारसा सोसावा लागला नाही, कारण ती एखाद्या पात्राची बाजू मांडायला लिहिलेली नाही.

पडद्यावर मात्र या पुस्तकाला बराच काळ ताटकळावे लागले. बीबीसीने १९८८ ते १९९० या काळात नार्नियाच्या कथा दूरचित्रवाणीवर आणल्या, २००५, २००८ आणि २०१० मध्ये तीन भव्य चित्रपट निघाले, पण ‘भाच्या’ची पाळी आली नाही. आता दिग्दर्शिका ग्रेटा गर्विग यांनी नेटफ्लिक्ससाठी नार्नियाची सुरुवातच या कथेपासून करायचे ठरवले आहे. साहजिकच आधी की नंतर हा वाद वाचनालयातून चित्रपटगृहापर्यंत जाणार.

घरात मुलांसाठी संच आणायचा असेल तर बाजारात मिळणाऱ्या बहुतेक संचांवर ‘भाच्या’चाच क्रमांक एक असतो. तो बाजूला ठेवून दोन नंबरचे पुस्तक आधी मुलाच्या हाती द्यावे, हे उत्तम. खांबाचे आणि कपाटाचे कोडे त्याला वर्षभर पडू दे. ‘हे कुठून आले?’ असे त्याने स्वतःहून विचारले की पूर्वकथा काढून द्यावी. मात्र घरात कोणी दीर्घ आजारी असेल तर हे पुस्तक मुलाला एकट्याने वाचायला न देता शेजारी बसून मोठ्याने वाचून दाखवावे. निदान तेरावे आणि चौदावे प्रकरण तरी.